सामोरी

थोरलीने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या उशीत खोचल्या. आता ती वादाला बसणार हे धाकटीने ओळखलं आणि शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"बाप कधी लेकरांना मार खायला मागे ठेवून जातो का?" थोरली म्हणाली. "जगाच्या शेवटी ते महासंकट यायच्या आधीच प्रभू येशू आपल्या माणसांना उचलून नेणार. मग मागे राहिलेल्यांचं काय व्हायचं ते होवो."

"नोहाला उचललं होतं का? तारवात बसवलं, पण पूर काही चुकला नाही त्याचा. वाचवणं वेगळं आणि चुकवणं वेगळं, ताई."

"आणि लोटाला? आग पडायच्या आधी हाताला धरून बाहेर काढलंच ना?"

"त्याच्या बायकोचं काय झालं तेही सांग की."

"तिने मागे वळून पाहिलं, म्हणून मिठाचा खांब झाली. मी नाही पाहायची."

या दोघी बहिणी. समोरासमोर दोन मशीनं मांडून तीस वर्षं लोकांचे कपडे उसवत आणि शिवत आल्या होत्या. थोरलीकडे कोट आणि अस्तरं, धाकटीकडे बाकीचं सगळं. शेवटल्या दिवसांचा हा वाद दुकानाइतकाच जुना होता. रविवारी उपासना आटोपली की सुरू व्हायचा आणि काम कमी असलं तर गुरुवारपर्यंत पुरायचा. एकदा दोघींनी चर्चच्या पाळकांना पंच म्हणून धरलं. "आपण तयार असावं एवढंच मला कळतं," असं म्हणून ते एक पँट आखूड करायला टाकून निसटले. रागाने दोघींनी ती पँट आठ दिवस हातात घेतली नव्हती.

धाकटी नुसतं बोलून थांबणाऱ्यांतली नव्हती. संकटातून जायचंच आहे तर रिकाम्या हाताने कशाला, म्हणून तिने मागच्या खोलीतलं एक कपाट भरून ठेवलं होतं. मीठ, काडेपेट्या, मेणबत्त्या, वाटाण्याचे डबे आणि वरच्या फळीवर अननसाच्या फोडींचा एकुलता एक डबा. त्याला कोणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

"सात वर्षांचं संकट आणि अकरा डबे वाटाणे," थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "हिच्यासाठी तरी प्रभूने लवकर यावं."

त्या दिवशी मात्र धाकटीने नवा मुद्दा काढला.

"शास्त्रात शब्द काय आहे? सामोरे. आपण प्रभूला सामोरे जाणार. हो की नाही?"

"हो. ढगांत."

"ढगांत जा, नाहीतर फाटकापर्यंत जा. पाहुण्याला सामोरं जातो तेव्हा आपण काय करतो? त्याला घेऊन घरी येतो. का तिथूनच त्याच्याबरोबर त्याच्या गावाला चालते होतो?"

थोरलीने उशीतल्या टाचण्या काढून पुन्हा ओठांत धरल्या. एरवी एवढ्यावर धाकटीने अर्धा दिवस मिरवलं असतं. पण थोरली टाचण्यांच्या फटीतून म्हणाली, "पोराचा फोन आला होता. तिकडेच राहायला ये म्हणतो. कायमची."

मुलगा सात तासांच्या अंतरावर राहत होता. एवढा प्रवास आईने एकटीने करू नये, म्हणून तो शनिवारी निम्म्या वाटेवरच्या जंक्शनपर्यंत येणार होता. तिने तिथवर जायचं आणि पुढे दोघांनी मिळून त्याच्या घरी. त्याची बायको भली होती, खोली तयार होती. नाव ठेवायला जागा नव्हती.

"जा की," धाकटी मान वर न करता म्हणाली. "माझी मागे राहायची तयारी आहे. तीस वर्षं दुसरं काय सांगतेय?"

बोलून गेली खरी, आणि स्वतःच्याच शब्दांत अडकली. सात वर्षांचं संकट सोसायच्या गोष्टी करणाऱ्या बाईने 'जाऊ नकोस' कोणत्या तोंडाने म्हणायचं? थोरली गेली की घरात बोलायला कोणी उरणार नव्हतं. धाकटीचं लग्न झालं नव्हतं, आणि थोरली विधवा होऊन आल्यापासून दोघींचा एक दिवससुद्धा वेगळा गेला नव्हता. थोरलीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कोटाचं अस्तर पुढे ओढून तिने कच्चे टाके घालायला घेतले.

शुक्रवारी संध्याकाळी धाकटीने बहिणीची पिशवी भरली. कपडे, गुडघ्याला चोळायचं मलम, जाड मोजे. थोरली न्हाणीघरात गेलेली पाहून तिने कपाट उघडलं, अननसाचा डबा काढला आणि मोज्यांत गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. तिकडे गेल्यावर सापडेल, मग कळेल तिला, असं स्वतःशी म्हणून तिने चेन ओढून घेतली.

शनिवारी निघायच्या वेळी थोरली दारातून परत फिरली. "चष्मा राहिला," म्हणत पिशवीसकट मागच्या खोलीत गेली. चष्मा तिच्या डोक्यावरच होता. धाकटीला तो दिसला, पण ती बोलली नाही. तेवढंच आणखी एक मिनिट पदरात पडत होतं.

"येते गं," थोरली बाहेर येत म्हणाली.

"ये."

साडेनऊच्या गाडीसाठी थोरली लंगडत लंगडत रस्त्याने गेली. कोपऱ्यावर तरी वळून पाहील म्हणून धाकटी पायरीवर उभी राहिली. थोरली शब्दाची पक्की निघाली.

आत येऊन धाकटीने मशीन चालू केलं. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. समोरच्या मशीनच्या खणात थोरलीचं अंगुस्तान तसंच होतं, आणि कच्च्या टाक्यांचा अर्धवट कोट खुंटीला लटकत होता. इतकी कशी विसराळू, असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. कोणी पाहायला नव्हतं, म्हणून तिने ते आवरलंही नाही.

दुपारी पाळक शर्टाची कॉलर बदलून घ्यायला आले.

"आज ताई दिसत नाहीत?"

"नेलं उचलून," धाकटी म्हणाली.

पाळक हसले. मग त्यांनी तिचे डोळे पाहिले. शर्टाची घाई नाही, असं दोनदा सांगून हळूच निघून गेले.

तिने जेवायला घेतलं आणि झाकून ठेवलं. एक बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. प्रभूला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण इतकी वर्षं ज्या संकटाची हौस मिरवली त्याची तक्रार तरी कशी करायची, तेही तिला कळेना.

सव्वापाचला पायऱ्यांवर पावलं वाजली. एक पाऊल थबकून पडणारं होतं. त्या गुडघ्याचा आवाज धाकटीने झोपेतही ओळखला असता. ती उठली नाही. उठून दार उघडावं आणि दुसरंच कोणी निघावं, याची तिला धास्ती वाटली.

"मावशी, अगं आत घेशील का नाही?" भाचा दारातून ओरडला. त्याच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हाताला आई. "मी हिला न्यायला आलो, आणि हिने मलाच इकडच्या गाडीत बसवलं. वर म्हणते, तुला सामोरी आले होते! उद्या संध्याकाळी मी एकटाच परत."

थोरली आत येऊन आपल्या खुर्चीत बसली, खण उघडला आणि अंगुस्तान बोटात चढवलं.

"म्हणजे माझं म्हणणं पटलं तुला?" धाकटीने नाक पुसत विचारलं.

"काही पटलं नाही. प्रभूची गोष्ट वेगळी, पोराची वेगळी." थोरलीने कोट खुंटीवरून काढला. "त्याला भूक लागलीय. घरात काही आहे का, का सगळं कोठारात?"

धाकटी मागच्या खोलीत गेली. पाहुण्यापुढे वाटाणे तरी ठेवू, म्हणून तिने कपाट उघडलं, आणि तिचा हात तसाच थांबला. वरच्या फळीवर अननसाचा डबा होता, नेहमीच्या जागी. फक्त त्याचं चित्र भिंतीकडे फिरलेलं होतं, घाईत ठेवल्यासारखं.

सकाळी चष्म्याच्या निमित्ताने थोरली पिशवीसकट आत का गेली होती, ते तिला आता कळलं.  ती डबा आणि तीन वाट्या घेऊन बाहेर आली, आणि डब्याला ओपनर लावला.

थोरलीने कोटावरून नजर वर केली.

"अगं, तो महासंकटासाठी ठेवला होतास ना?"

"होऊन गेलं ते," धाकटी म्हणाली आणि तिने पहिली फोड बहिणीच्या वाटीत घातली.