फाटक वाजण्याआधी

"सोळा फ्रेम. सोळा फ्रेम आधी वळते ही बया. फाटक वाजायच्या आत हिला कळतं कसं? मानेत रडार बसवलंय का हिच्या?"

चाळणी स्वतःशीच कुरकुरत होता, पण ताईच्या कानापासून हातभर अंतरावर. व्हिडिओ गेममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. त्याच्या हातून काही निसटत नाही, म्हणून ऑफिसनं त्याला हे नाव ठेवलेलं. त्याच्या पडद्यावर ताईनं हलतीबोलती केलेली म्हातारी होती. हलतीच फक्त, बोलायला तिला एक वाक्यही नव्हतं. पुलाची राखणदार. खेळणारा येईपर्यंत तिनं नुसतं उभं राहायचं. पण नुसतं उभं राहणं ताईच्या हातून कधी झालंच नव्हतं. म्हातारी बाही सारखी करायची, कठड्यावरचा नसलेला कण बोटानं टिपायची, या पायावरचा भार त्या पायावर टाकायची. मग पुलाचं फाटक वाजायचं आणि तिची मान वळायची. घोटाळा एवढाच, की मान आधी वळायची आणि फाटक नंतर वाजायचं.

बॉस खुर्ची सरकवत जवळ आला. "सोपं आहे, ताई. मान फाटकानंतर वळवा, नाही तर एक वाक्य टाका तिच्या तोंडी. 'माझा लेक कधी येईल', असलं काहीतरी. लोकांना कळायला नको, कशी बाई आहे ती?"

"कळतंय की. तोंड उघडलं, की कळायचं बंद होईल."

"सोमवारी गेम पुढच्या टप्प्यावर जातोय. एक तर मान दुरुस्त, नाही तर वाक्य."

अठरा वर्षांच्या कामात ताईच्या हातून चुका ढीगभर झाल्या होत्या. पण चूक दिसतेय, आणि तरी ती बरोबरच वाटतेय, हे नवीन होतं. चपलेत खडा गेल्यासारखं दिवसभर टोचत राहिलं.

शनिवारी तिनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. समोर सासूबाई वाटाणे सोलत होत्या. घरात दोघीच. ताईचा नवरा सहा महिन्यांच्या कामासाठी म्हणून परदेशी गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. आठवड्याचे फोन महिन्यावर आले, महिन्याचे वाढदिवसावर. 'तो आल्यावर' हे शब्द मात्र घरातून हलले नव्हते. गळका नळ तो आल्यावर, कपाटाचं बिजागर तो आल्यावर. त्यानं तिकडे दुसरा संसार मांडलाय हे ताईला आठ महिन्यांपूर्वी कळलं होतं, त्याच्याच पत्रातून. ते सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं. रोज सकाळी ती ठरवायची, आणि रोज त्यांच्या बारीक मनगटांकडे बघून उद्यावर ढकलायची.

सासूबाईंची बोटं थांबली. मान दाराकडे वळली. मग जिन्यापाशी लिफ्टचं दार खडखडलं. शेजारचे कोणी तरी आले होते.

सासूबाईंनी टेबलावरचा नसलेला कण टिपला आणि पुन्हा शेंग उचलली.

ताई उठली, पाणी प्यायली, बसली, परत उठली.

"काय भुंगा लागलाय गं सकाळपासून? एका जागी बस. दाखव, काय करतेस ते."

"काही नाही, आई. ऑफिसचं आहे."

पण सासूबाई तोवर चष्मा पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ही कोण?"

"पुलाची राखणदार."

"बोलत नाही?"

"नाही."

"म्हणजे सासू नसावी." त्या वाकून बघू लागल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बघताना त्यांचा हात टेबलावरचा कण टिपायला गेला, आणि तो त्यांनी हळूच दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"मान आधी वळते हिची," ताई घाईनं म्हणाली. "चूक आहे ती. काढायचीय."

"चूक कसली? पण ही दाराकडे बघत नाहीये."

"दाराकडेच बघतेय, आई."

"डोळे बघ ना. मान दाराकडे आणि डोळे बाजूला."

ताईनं एकेक फ्रेम पुढे नेली. मान वळत होती, आणि बुबुळं अर्ध्यातून निसटून शेजारी नसलेल्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर जात होती. हे तिनंच केलं होतं, तिच्याच हातानं. कधी, ते आठवेना.

सासूबाई बाजूची खुर्ची ओढून बसल्या. ताईनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो धरला.

"लिफ्टची घरघर मला तुझ्याआधी ऐकू येते. दार वाजलं, की तुझं तोंड कसं होतं ते बघते मी. अजून आशा धरून आहेस का, ते." त्यांनी तिच्या बोटांवरून अंगठा फिरवला. "तो यायचा नाही, बाळा. मागल्या वर्षीच सांगितलं त्यानं मला."