दोनदा पाणी

लोंगछुआनच्या भट्ट्यांवर पेइरोंगच्या हाताला तोड नव्हती, आणि तिच्या थोरल्या दिराच्या जिभेला. नवरा गेल्यापासून ती धूपदाण्या घडवायची, भाजल्यावर झिलईला पडलेल्या बारीक चिरांत चहाचा काढा मुरवायची, आणि हा दीर, ग्वानशौ, त्या तीनशे वर्षांच्या म्हणून खपवायचा.

तिला निंगबोला लेकीकडे जायचं होतं. पण तिचं ओळखपत्र दिराच्या कुलपात होतं, आणि त्यावाचून गाडीचं तिकीट मिळत नाही. "एवढी एक होऊ दे, मग खुशाल जा," हे तो चार वर्षं म्हणत होता.

या खेपेला तिने पकडलं जायचंच ठरवलं. धूपदाणीभोवती आभाळ, माती, वारा, पाणी अशा आठ रेघांच्या खुणा असतात, आठही वेगळ्या. तिथलं शेंबडं पोरही त्या सांगेल. तिने वारा गाळला आणि पाणी दोनदा बसवलं. पाण्याच्या खुणेला जुने लोक खड्डा म्हणतात; दोन पाणी म्हणजे खड्ड्यात खड्डा. लबाडी उघडी पडली की धंदा बसेल, मग दिराला आपला काय उपयोग, असा तिचा साधा हिशेब.

वेनचौचे यिनकाका आले. जुन्या वस्तूंचं मोठं खवट गिऱ्हाईक. मांडीवर धूपदाणी घेऊन त्यांनी बोट फिरवलं. बोट थांबलं.

"पाणी दोनदा? आणि वारा कुठाय?"

दिराचा चेहरा उतरला. चहा ओतणाऱ्या पेइरोंगला आनंदाने धाप लागली.

"चूक माझी, काका," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात मीच केलीय ही."

यिनकाका खो खो हसले. "ग्वानशौ, तुझ्या भावजयीला घरातली वस्तू विकायची नाहीये रे. पोरी, मला शिकवतेस? नकली माल करणारा चुकत नाही. भीतीने दहादा मोजतो. चुकतो तो जुना कारागीर, ज्याला कुणाची भीती नव्हती. ही अस्सल आहे. बांध."

 ते गेल्यावर दिराने ओळखपत्राच्या खणाचं कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली परत कंबरेला खोचली.

"डोकं आहे हो तुला," तो म्हणाला. "आता दर नगात एक चूक घाल."

पेइरोंगने ओली माती पुढे ओढली आणि बांबूची सुरी उचलली. पहिलं पाणी बसवलं, मग दुसरं. हात जरासुद्धा अडखळला नाही, आणि याचंच तिला रडू आलं.