डावी कूस, दुपारी दोन

“सहीच तर मागतोय, किडनी नाही,” वहिनी कपाटापलीकडे पुटपुटली.

आमच्या घरात कपाट म्हणजेच भिंत. अलीकडे बाबांची खाट, माझं शिलाई मशीन आणि मी. पलीकडे बाकीचं कुटुंब. मी बाबांची पाठ पुसत होते. पलीकडचं सगळं इकडे ऐकू येतं हे वहिनीला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे ती पुटपुटते तेव्हा ते माझ्यासाठीच असतं.

दादा कागद घेऊन आत आला. हा माझा मोठा भाऊ बस चालवतो. रस्त्यावर कुणाच्या बापाला घाबरत नाही, पण स्वतःच्या बापाच्या खाटेशी आला की छताकडे बघून बोलतो.

“बारकीचा अर्ज,” तो छताला म्हणाला. “चारला बंद होतोय. खाली तुझी सही लागते.”

बारकी म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. घरात सगळ्यांत उंच. तिला ज्या विद्यापीठात जायचंय तिथे शंभरातल्या चौघांना घेतात. गुण काय, सगळ्यांकडेच असतात, असं अर्ज भरून घेणारे सर म्हणाले होते. त्यांनी तिला विचारलं, निबंधात लिहायला घरात काही दुःख वगैरे? ती नाही म्हणाली तेव्हा त्यांचा चेहराच पडला. मग वहिनीला कपाटाअलीकडचं आठवलं.

मी वाचायला घेतलं. ‘जबाबदारी: अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची शुश्रूषा. चार वर्षे. आठवड्याला चौदा तास.’ पुढे दोन पानांचा निबंध, आणि तळाला ‘वरील माहिती खरी असल्याचे सांगणारी व्यक्ती’ म्हणून माझं नाव.

निबंध छान होता. असणारच, अर्धा मी लिहिला होता. खाटेच्या दांडीला मी एक वही बांधून ठेवलीय. कुठली कूस, किती वाजता, लघवी किती, पाठ लाल झालीय का. कधी शेजारी एखादी ओळ. ‘आज डोळ्यांत पाणी होतं. विचारलं नाही.’ ती ओळ निबंधात जशीच्या तशी उतरली होती, फक्त ‘आजोबांच्या’ एवढा शब्द वाढवलेला.

“वही कधी नेली बारकीने?”

“तू आंघोळीला गेलीस तेव्हा,” दादा म्हणाला. “दहा मिनिटं.”

“चौदा तासांतली तीच का ती?”

वहिनी आता कपाटाला टेकून उभी होती. “तुझ्या नावाने कुणी अर्ज भरणारे का? तुला कुठे जायचंय? धूळ खात पडणार ती वही. पोरीच्या कामी आली तर तुझ्या पोटात का दुखतंय?”

“चोराने निदान विचारून न्यावं, एवढंच.”

“चोर कुणाला म्हणतेस? माझ्या घरात राहून...”

“माझ्या बापाच्या घरात. बाबा, सांगा हिला घर कुणाचं ते.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, पण भांडणात कुठे राहायचं ही अक्कल शाबूत आहे.

“पावणेचार,” दादा छताला म्हणाला.

मग मी दुष्टपणा केला. “करते की सही. बारकीला बोलाव. दोनला डावी कूस झालीय, आता बदलायचीच आहे. तिने बदलू दे. चार वर्षांचा हात तिचा, दोन मिनिटांचं काम.”

बारकी आली आणि कपाटाच्या कडेशी थबकली. ती नेहमी तिथेच थबकते. याच मुलीला मी मांडीवर घेऊन, मशीनवरची अक्षरं बोटाने दाखवत वाचायला शिकवलं. तेव्हा ती मांडीत मावायची.

ती खाटेपाशी आली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. एक हात खांद्याखाली घातला, काढला, उशी ओढली, पुन्हा खांदा धरला. निबंधात लिहिलं होतं, ‘मी त्यांना आळीपाळीने डाव्या-उजव्या कुशीवर वळवते.’ तिने बाबांना उजवीकडे ओढलं आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून मी तिचं मनगट धरलं. जरा जास्तच घट्ट.

“उजवीकडे नाही. त्या खुब्यात सळई आहे. चार वर्षांत एकदाही उजवीकडे झोपलेले नाहीत ते. डावी, उताणं, डावी, उताणं. चोरायचं तर नीट वाचून तरी चोरावं.”

“झालं समाधान?” वहिनी म्हणाली. “पोरीचा पाणउतारा करायचा होता, केलास. आता टाक सही.”

मी बाबांना उताणं केलं, गुडघ्यांखाली उशी सारली, वहीत वेळ लिहिली. पेन हातातच होतं. अर्ज बाबांच्या पायांशी पडला होता. बारकी मनगट चोळत उभी होती.

“तू इकडे का येत नाहीस गं कधी?” मी विचारलं. “वास येतो? की आजोबांची भीती वाटते?”

“आजोबांची नाही.”

“मग?”

“बारके, गप्प बस,” वहिनी म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदा तिचा आवाज खरोखर खाली आला होता. दादाने नजर छतावरून काढून फरशीवर ठेवली.

बारकी दांडीला लटकणाऱ्या वहीकडे बघत होती.

“विद्यापीठात माझं नाव लागलं नाही, तर पुढची वही माझी,” ती म्हणाली. “आधी माझ्या बाबांची, मग आईची. कुणी ठरवणार नाही, कुणी विचारणार पण नाही. तुला तरी कुणी विचारलं होतं? या दोघांनाही माहितीये ते, म्हणून तर तुझ्या सहीच्या एवढे मागे लागलेत. मला तुझ्यासारखं व्हायचं नाहीये, आत्या.”