टांगलेला पाला आणि माझा गुडघा

मी एक जुनी शेळी आहे. म्हातारी म्हटलेलं मला खपत नाही. काळ्या कानांवर पांढरे ठिपके, म्हणून नाव चांदणी. भोकरजवळच्या एका गावात कोंडाबाईच्या दारात मी जन्मले, सात वेतं झाली, म्हणजे सातदा व्याले, आणि मित्रांनो, माझ्या दुधाच्या चहाचं आळीनं तोंड भरून कौतुक केलं.

पण अंगात उड्या फार! एकदा सोयाबीनच्या ट्रॉलीवरून उडी घेतली आणि मागच्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर. ते फाटलं की सहसा आपोआप भरत नाही. मी लंगडू लागले. कौतुक करणारेच म्हणू लागले, "आता खाटकाला देऊन टाक." कोंडाबाई त्यांच्याकडे काणाडोळा करी. मला मात्र सगळं ऐकू येई.

तिची भाची बुद्धप्रिया नांदेडजवळ विष्णुपुरीकडच्या एका प्रयोगशाळेत जनावरांच्या सांध्यांवर काम करते. ती मला तिकडे घेऊन गेली. कोंडाबाईही माझ्यामागे आलीच. बुद्धप्रियानं माझी चिमूटभर कूर्चा आणि कमरेच्या हाडातली थोडी मज्जा काढली. कूर्चेच्या पेशी बशीत एकट्याच वाढवल्या तर नुसत्या पसरतात, आपलं काम विसरतात. म्हणून तिनं मज्जेतल्या मूळपेशी त्यांच्या सोबतीला ठेवल्या. सोबत मिळताच त्या कामाला लागल्या. काही आठवड्यांत नखाएवढं पांढरं ठिगळ तयार झालं आणि ते माझ्या गुडघ्यात बसलं.

"आत्या, दीड महिना हिला मागच्या पायांवर उभं राहू देऊ नको. ठिगळ निसटलं तर सारं पाण्यात."

"हाव बाई, डोळ्यांत तेल घालून राखते," कोंडाबाई म्हणाली.

तिसऱ्याच दिवशी ती माझ्यासाठी सुबाभळीचा पाला घेऊन आली आणि हाताच्या सवयीनं प्रयोगशाळेतल्या माझ्या खोलीच्या खिडकीच्या गजाला उंच टांगला. आमच्याकडे पाला टांगूनच देतात. खाली टाकला तर आम्ही तुडवतो आणि मग त्याला तोंडही लावत नाही. पाला दिसताच मी मागच्या पायांवर उभी राहिले. गुडघ्यात अशी कळ आली की मी किंचाळले.

बुद्धप्रिया धावत आली. "आत्या, काय करून राहिलीस हे?"

कोंडाबाईनं पाला ओढून खाली काढला. "मायेनं टांगला गं. माह्याच हातानं वाटोळं केलं का म्या हिचं?"

ठिगळ टिकलं की निसटलं, हे दीड महिन्यानंच कळणार होतं. त्या दिवसापासून तिनं पाला टांगला नाही. स्वतः उभी राहून फांदी माझ्या तोंडासमोर धरू लागली. तिचेही गुडघे दुखत. तरी शेवटचं पान संपेपर्यंत ती हलत नसे. पहिले काही दिवस हा लाड लांबावा म्हणून मी मुद्दाम हळूहळू खाल्लं. मग मला माझीच लाज वाटली.

शेवटी सांध्यात बारीक दुर्बीण घालून पाहिलं. ठिगळ जागेवर होतं, अस्तराशी एकजीव झालेलं.

"आन् त्या सोबतवाल्या पेशी?" कोंडाबाईनं डोळे पुसत विचारलं.

"त्यातल्या बऱ्याच संपल्या, आत्या. कूर्चेला कामाला लावलं आन् गेल्या."

कोंडाबाईनं आपला गुडघा चोळला. मग म्हणाली, "माह्या गुडघ्याला व्हईल का असं?"

"माणसांसाठी अजून लई तपासावं लागतंय. तुला खोटं न्हाई सांगणार."

"असू दे. हिचं झालं, लई झालं."

मित्रांनो, आता मी गावी सुखात आहे. मला पळता येतं. तरी रानातून परतताना कोंडाबाई मागे राहिली की मी थांबते. ती दम घेते, माझ्या पाठीवर हात टेकते, मग आम्ही निघतो. तुमच्याही घरात कुणाचे गुडघे दुखत असतील. त्यांच्याबरोबर चालताना थोडं हळू चाला. मी शेळी असून मला जमतं.