चित्र एकसष्ट

खोटं तुम्ही बोललात, साहेब. तिने ते फक्त टाइप केलं. टाइप केलं हे ती नाकारत नाही, म्हणून तर तुमचा कागद समोर ठेवून सकाळपासून बसली आहे. कागदात विचारलंय, एकशे अठरा पुस्तकांच्या माहितीत वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बदल का केला, चोवीस तासांत लेखी खुलासा द्यावा.

प्रकाशनाच्या या ऑफिसात तिला तक्तेवाली म्हणतात. छापील पुस्तकाचं डिजिटल पुस्तक झालं की त्याच्याबरोबर माहितीचा एक तक्ता जातो. मोबाइलचा आवाज हे पुस्तक वाचून दाखवू शकेल का, हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येईल का, चित्रांची शब्दांत वर्णनं दिली आहेत का. डोळस माणूस दुकानात पुस्तक चाळून बघतो. ज्याला दिसत नाही, तो हा तक्ता ऐकतो आणि त्यावर भरवसा ठेवून पुस्तक घेतो. बारा वर्षं ती हे तक्ते भरते आहे. पूर्वी एकेक चित्र उघडून, चष्मा कपाळावर चढवून बघायची आणि मगच 'हो' किंवा 'नाही' लिहायची.

गेल्या वर्षी वरून फर्मान आलं की महिनाअखेर सगळी पुस्तकं बाजारात हवीत आणि एकाही तक्त्यात 'नाही' दिसता कामा नये. तिने केबिनमध्ये जाऊन सांगितलं की नुसत्या मालिश-उपचाराच्या पुस्तकात दोनशे बारा चित्रं आहेत, वर्णनं लिहायला पंधरा दिवस तरी लागतील. साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"अहो, तपासणारं मशीन रकाना रिकामा आहे का, एवढंच बघतं. प्रत्येक चित्रापुढे नुसतं 'चित्र' लिहा आणि तक्त्यात 'हो' टाका. कोण आंधळा बघायला येणार आहे?"

स्वतःच्या विनोदावर ते खो खो हसले. तीही हसली. ते हसू अजून घशात माशाच्या काट्यासारखं अडकून आहे. हुकूम तोंडी होता, कागदावर एक ओळ नाही. दोनशे बारा वेळा 'चित्र' डकवायला तिला अर्धा तासही लागला नाही. मग वर्षभर प्रत्येक पुस्तकाला तेच केलं.

आणि बघायला आला एक. तिचाच सख्खा भाऊ.

दादाने तीस वर्षं विजेच्या मोटारी भरल्या. जळलेली मोटार खोलायची, आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. एक वेढा कमी पडला तरी बोटांना कळायचं. तीन वर्षांपूर्वी नजर गेली, बोटं राहिली. मग गडी मालिश-उपचार शिकायला बसला, आपल्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर. एका दवाखान्याने जागा राखून ठेवली होती, परीक्षा पास झाला की रुजू. त्या जागेवर वहिनी डोळे लावून बसली होती.

प्रात्यक्षिकात दादासमोर गुडघेदुखीचा पेशंट आला. दादाने गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला, अंगठा रोवून दाब दिला. पेशंट किंचाळला, पाय मुंग्या येऊन बधिर झाला. परीक्षकाने दादाचा हात धरून बाजूला केला. परीक्षा तिथेच संपली.

रविवारी ती भेटायला गेली तेव्हा दादा खिडकीपाशी स्टुलावर बसला होता, मोबाइल मांडीवर. वहिनी भाजी निवडत होती. म्हणाली, मोबाइलला दोनदा दुरुस्तीला नेऊन आणलंय यांनी, दुकानदार आता लांबूनच हात जोडतो. दादा हसला नाही.

"मोबाइल चांगला आहे गं. माझंच डोकं गंजलंय," तो म्हणाला. "पुस्तकात असणारच. वर्णनं आहेत असं तक्त्यात स्वच्छ लिहिलंय. मलाच सापडेना."

त्याने मोबाइल चालू केला. आवाज म्हणाला, दाब कुठे देऊ नये हे चित्र एकसष्टमध्ये दाखवले आहे. चित्र. मग पुढचं वाक्य. दादाने बोट मागे नेलं. चित्र. पुन्हा मागे. चित्र. वीस-पंचवीस वेळा तरी त्याने असं केलं असेल, असं त्या बोटाच्या सरावावरून दिसत होतं.

बहीण ऑफिसात टायपिंग करते, एवढंच त्याला ठाऊक होतं. काय टाइप करते, हे कधी विचारलं नव्हतं.

"दादा, तो शब्द मी लिहिलाय."

वहिनीचे हात थांबले.

"आणि 'हो' कुणी लिहिलं?"

"मीच."

त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्याने अंगठा पुढे केला.

"दाखव आता. कुठे नाही दाबायचं?"

तिने मोबाइलवरचं चित्र बघून तो अंगठा धरून स्वतःच्या पायावर टेकवला. गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, हाडाचं छोटं टेंगूळ लागतं, त्याच्या मागे. दादाने अगदी हलकेच चाचपलं.

"इथे?"

"हो."

"छकुले, माझं सोड," तो हात काढून घेत म्हणाला. "हेच पुस्तक घेऊन आणखी कितीजण बसलेत?"

सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या तिने वर्षभरातले तक्ते काढले. एकशे अठरा पुस्तकांत 'हो' खोडून 'नाही' लिहिलं, आणि खाली एक ओळ घातली की या पुस्तकातल्या चित्रांची वर्णनं दिलेली नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नये. दुपारपर्यंत विक्रेत्यांचे फोन खणखणू लागले. चार वाजता हा कागद तिच्या टेबलावर आला. लेखी, सही-शिक्क्यानिशी. खोटं लिहायला सांगताना तोंड पुरलं होतं, खरं लिहिलं तर शिक्का बाहेर निघाला.

आज मंगळवार. आता तिने पेन उचललं. 'हो' मी लिहिलं, असं आधी लिहिलं. 'नाही'ही मीच लिहिलं. दोन्हींची शिक्षा द्या, ऐकून घेईन. कुणाच्या सांगण्यावरून 'हो' लिहिलं, तेही तारीखवार लिहिलं. मग एक ओळ सोडून पुढे लिहिलं:

साहेब, डोळे मिटा. आपल्याच पुस्तकातलं चित्र एकसष्ट मोबाइलवर ऐका, आणि ती जागा स्वतःच्या पायावर शोधा. सापडली की नाही, ते चोवीस तासांत कळवा. लेखी कळवा. तोंडी नको.