दिवसा चूल नाही

“पेटव म्हणते ना मी! सून माझी गार पडत चाललीये, आणि तू मला कायदे शिकवतेस?”

म्यूखू आजी कडाकडा भांडत होती, पण कुजबुजत. ओढ्याच्या या घळीत अकरा घरं लपून राहायला आली त्याला चार महिने झाले होते. तेवढ्या काळात माणसं हळू आवाजात भांडायला, हळू आवाजात हसायला आणि मेलेल्यांसाठी हळू आवाजात रडायला शिकली होती.

गावोगाव औषधपाणी बघणारी नॉ लेवा बाळंतिणीशेजारी बसली होती. तिचा एक हात बाळंतिणीच्या पोटावर होता, दुसरा नाडीवर. पोर पहाटे झालं होतं. मुलगी, धडधाकट, आल्या आल्या सगळ्यांना शिव्या दिल्यासारखी रडलेली. आईचं मात्र काही खरं नव्हतं. रक्त थांबता थांबत नव्हतं. लेवाने औषधांच्या टोपलीतली दोन्ही इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, मनगटं भरून येईपर्यंत पोट चोळलं, तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं. आता बावीस वर्षांची रीपॉ पांढऱ्याफटक ओठांनी पडून होती आणि तिचे दात वाजत होते. अंगावर दोन घोंगड्या होत्या, दोन्ही दमट.

“बाळंतिणीनं नऊ दिवस आगीजवळ बसायचं असतं,” आजी म्हणाली. “माझी आई बसली. मी सात वेळा बसले. तू एकदाही बसली नाहीस, तुला काय कळणार!”

हा टोला वर्मी बसला. लेवाचं लग्न झालेलं नव्हतं. या डोंगरात बिनलग्नाच्या बाईने पायघोळ पांढरा अंगरखा घालायची रीत आहे. सोळा वर्षांची असो की बावन्न. पण पांढरं कापड लष्कराच्या विमानाला वरून दिसतं, म्हणून लेवाने स्वतःचे दोन्ही अंगरखे झाडाच्या सालीत उकळून मातकट करून टाकले होते. मग बाकीच्या पोरींना सांगायला ती मोकळी झाली. तिचं सगळं असंच होतं. नियम आधी स्वतःच्या अंगावर, मग दुसऱ्याच्या.

दिवसा चूल पेटवायची नाही, हा नियमही तिचाच. जुन्या गावात एका घरच्या भाताच्या धुरावरून विमान आलं आणि बॉम्ब शाळेवर पडला. शाळेतलं जे काही उचलायचं होतं ते लेवाने उचललं होतं. तेव्हापासून सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जाळ नाही. गावाचा म्होरक्या सॉ क्लेडो, साठीचा भला माणूस, एकदा सकाळी गुपचूप चहाला पाणी ठेवून बसला होता. लेवाने ते पाणी तसंच त्याच्या चुलीत ओतलं. “तू म्होरक्या आहेस हे विमानाला माहीत असतं का रे, दादा?” क्लेडो महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “आमच्या गावात एक खून झाला. माझ्या चहाचा.”

सत्तावीस वर्षं लेवा पाठीवर दवाखाना घेऊन हे डोंगर चढत-उतरत होती. शिक्षण आठवीपर्यंत, बाकीचं सीमेवरच्या दवाखान्यात शिकलेली. मोठ्या संस्थांची मदत राजधानीत परवानगीची वाट पाहत बसलेली असते; बसू दे बिचारी. इथे औषधं येतात ती गावच्याच माणसांच्या पाठीवरून, सीमेवरची साल्वीन नदी ओलांडून, आणि कमी पडली की कमीच पडतात. इंजेक्शनं पुढच्या आठवड्यात यायची होती. रीपॉच्या पोरीने तेवढा धीर धरला नाही.

लेवाने रीपॉच्या काखेत हात घातला. अंग ओढ्यातल्या दगडाएवढं गार होतं. रक्त गेलेल्या बाईला ऊब मिळाली नाही तर ती मिटत जाते, हे तिला आजीपेक्षा जास्त माहीत होतं. भांडण आजीशी नव्हतंच, स्वतःच्याच नियमाशी होतं.

ती बाहेर येऊन उभी राहिली. घळ धुक्याने गच्च भरली होती. थंडीत ते चांगलं नऊ-दहापर्यंत हलत नसे, आणि आता तर कुठे उजाडलं होतं. धुक्यात धूर विरून जातो.

“धुकं आहे तोवर,” ती आत येऊन म्हणाली. “हललं की विझवायची. आणि वाळका बांबूच घालायचा, चिरून. ओलं काडीभरही नको.”

“मला बांबू जाळायला शिकवतेय,” आजी पुटपुटली. पण तिचे हात कधीच कामाला लागले होते. न चिरलेल्या बांबूचं पेर जाळात बंदुकीसारखं फुटतं. इथे शेंबडं पोरही बांबू चिरूनच चुलीत सारतं.

जाळ धरला. अर्ध्या तासाने रीपॉचे दात वाजायचे थांबले. आजीने तिला मीठ घातलेली भाताची पेज पाजली. नाडी बोटाला नीट लागायला लागली. लेवाला इतकं बरं वाटलं, की तिथेच कुडाला पाठ टेकून ती बसली. तीन रात्री झोप नव्हती. दोन रात्री पलीकडच्या खोऱ्यात तापाचे रुग्ण, तिसरी ही. डोळे मिटायचे नाहीत, असं तिने स्वतःला बजावलं, आणि ते मिटले.

आजीच्या मनात काही वाईट नव्हतं. सून वाचली, या आनंदात तिने पुढची रीतही पाळली. बाळंतिणीला पानांचा शेक द्यायचा असतो, म्हणून घळीतून ओंजळभर ओली पानं खुडून आणली आणि निखाऱ्यांवर घातली.

कोणीतरी खांदा हलवत होतं. लेवाने डोळे उघडले तर समोर क्लेडो, शेकोटीवर माती लोटत असलेला. दारातून स्वच्छ ऊन आत आलं होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. झाडांच्या वर धुराचा निळा पट्टा उभा होता, आणि त्याच्याही वर, लांब कुठेतरी, ती ओळखीची घूं घूं.

“टेहळणीची माशी दोनदा फिरून गेली,” क्लेडो म्हणाला. बिनमाणसाच्या छोट्या विमानाला सगळे माशीच म्हणत. “अर्ध्या तासात मोठं येईल.”

“लोक?”

“खंदकात पाठवले. हिला हलवता येईल का, बाई?”

एरवी तो तिला नावाने हाक मारायचा. बाई म्हणाला म्हणजे तो वैदूला विचारत होता. लेवाने रीपॉकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. झोळीत घालून चौघांनी नेलं असतं, आणि निदान बाकीचे सगळे एका जागी सुरक्षित राहिले असते. पण तिला विचारलं होतं ते खरं काय ते.

“नाही,” ती म्हणाली. “हलवलं की पुन्हा रक्त सुटेल. माझ्याकडे आता काही उरलं नाही. दहा पावलंसुद्धा नाही.”

“मीच पानं घातली गं,” आजी हुंदका देऊन म्हणाली.

“गप, म्हातारे. रडायला नंतर भरपूर वेळ आहे.” क्लेडोने हनुवटी खाजवली. “ही हलत नाही, तर मग विमान हलवायला पाहिजे.”

तो वरच्या अंगाला असलेल्या आपल्या घरी गेला, लोखंडी कढई घेऊन आला आणि मातीखालचे निखारे तिच्यात भरायला लागला. समोरच्या कड्यावर त्याचं शेत होतं. तीन आठवड्यांमागे त्याने तिथलं रान तोडून वाळत घातलं होतं. दोन महिने कडक ऊन खाल्लं की ते जाळायचं आणि राखेत भात पेरायचा. आता जाळलं तर अर्धंकच्चं जळणार आणि वर्षभराचा भात गेला.

“दादा, अजून वाळलं नाहीये ते,” लेवा म्हणाली. नंतर आयुष्यभर तिला या वाक्याची लाज वाटत राहिली. ऐन वेळी तिला सुचलं ते हे.

“मग तर बरंच की. धूर जास्त होईल.”

“पेटव आणि पळ तिथून. थांबू नकोस.”

“साठीच्या माणसाला पळ म्हणते,” तो आजीकडे बघून म्हणाला आणि कढई सांभाळत चढाला लागला.

थोड्या वेळाने कड्यावरून धूर निघाला, काळा, जाड, सगळ्या खोऱ्याला दिसेल असा. मग विमान आलं. लेवा रीपॉवर आडवी झाली. आजीने बाळाला पोटाशी घेतलं. चार वेळा जमीन हादरली. छपरातून माती पडली, बाळ रडलं, आणि मग ओढ्याचं पाणी पुन्हा ऐकू यायला लागलं. घळीतल्या एकालाही ओरखडा नव्हता.

लेवा टोपली घेऊन कडा चढली. क्लेडो निम्मी उतरण उतरून आला होता. पळालाच होता बिचारा. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, आणि प्राण जाऊन वेळ झाला होता. तरी लेवा खाली बसली आणि तिने पट्टी काढली. वीतभर पट्टी वाया घालवली म्हणून पोरांवर डाफरणारी ही बाई. तिने अख्खी गुंडाळी त्या पायाला बांधली, घट्ट, नीट, शेवटी गाठ मारून. बरोबर आलेली माणसं माना खाली घालून उभी राहिली. कोणी तिला थांबवलं नाही.

दिवसभर कोणी तिला दोषही दिला नाही. विमानाने मारलं, तू नाही, असं दोघीतिघी म्हणाल्या. कोणीतरी आपल्या मुस्काटात द्यावी असं लेवाला वाटत होतं. आग मी पेटवली. झोपले मी. हलत नाही म्हणाले तेही मीच. तिने कितीही उलटसुलट फिरवून पाहिलं तरी प्रत्येक टोकाला तीच उभी होती. आणि रीपॉ जिवंत होती. दुपारी तिने पोरीला पाजलं. या गोष्टीचा आनंद करायचा की नाही, तेही लेवाला कळेना.

संध्याकाळ झाली. क्लेडोला त्याच्या घरात चटईवर ठेवलं होतं. दिवस मावळला तरी कोणी चूल पेटवली नाही. माणसं अंधारात पहाटेचा गार भात चिवडत बसली. रीपॉला पुन्हा हुडहुडी भरू लागली होती, आणि जाळाचं नाव काढायची हिंमत आजीलाही नव्हती.

तेवढ्यात दारात उजेड दिसला. क्लेडोची बायको मूडा जळतं लाकूड हातात धरून उभी होती.

लेवा उठली. “वहिनी, सकाळची आग मी पेटवली होती. आणि झोपले.”

“माहितीये. मी घरातून निघतच होते, कढई न्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं.” मूडाचा आवाज दिवसभर रडून बसला होता. “म्हणाला, लेवानं दिवसा चूल पेटवली, म्हणजे पोरगी खरंच मरत असणार.”

मूडा जळतं लाकूड घेऊन चुलीजवळ आली.

“सूर्य पुरता गेला ना? तूच बघ एकदा.”

लेवा बाहेर जाऊन आली. “गेला,” ती म्हणाली.

मूडाने लाकूड चुलीत ठेवलं आणि वाकून फुंकर घातली. जाळ धरल्यावर तिने रीपॉचे पाय हळूच उबेकडे ओढले, आणि घोंगडीचं टोक पेटू नये म्हणून आत खोचलं.