तीनदा ओलांडलेली नदी

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला ती कवळ्यांच्या कारखान्याचं कुलूप उघडायची. कारखाना आपला नावाला. दोन खोल्या, एक स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला पेशंटच्या नावाची चिठ्ठी. दंतवैद्य मापं घेऊन पाठवायचे आणि ती त्यावरून दात बसवायची. बावीस वर्षं हेच चाललेलं. रविवारी सुट्टी असायची, पण घरी भावाची तीन मुलं आणि बसायला एकच खोली, म्हणून तिने मालकाकडून किल्ली मागून घेतली होती. टेबलावर मोबाइल उभा करून ती वाट बघत बसायची.

वाट असायची सरांची. सर म्हणजे जुन्या भाषांचे निवृत्त शिक्षक. सात वर्षांपूर्वी त्यांनी हा वाचनगट सुरू केला, तेव्हा पडद्यावर बारा चौकोन असायचे. उडणारे सर्प, शापित तलवारी, बोलणारी जंगलं अशा सगळ्या जुन्या अद्भुत कादंबऱ्या वाचून झाल्यावर सर म्हणाले, "आता ही नदी जिथून निघाली तिथे जाऊ," आणि मंडळींना मध्ययुगात घेऊन गेले. तिथे गळती लागली. कुणाला नातवंडं झाली, कुणाला कंटाळा आला. उरले चार. सर, ती, जमीनमोजणी खात्यातला एक मोजणीदार आणि निवृत्त पोस्टमास्तर.

"राहिले ते हाडाचे वाचक," मोजणीदार म्हणायचे.

"नाही हो, राहिले ते ज्यांना घरी कोणी विचारत नाही," पोस्टमास्तर म्हणायचे.

सर सगळ्यांना त्यांच्या धंद्यावरून हाक मारायचे. तिला ते 'कारागीर' म्हणत. तिची शाळा आठवीत सुटली होती. अक्षरं वाचता यायची, पण वाचायचं कसं, थांबायचं कुठे, कवीला उलट प्रश्न कसा विचारायचा, हे तिला सरांनी शिकवलं. पहिल्याच महिन्यात तिने घाबरत घाबरत म्हटलं होतं, "सर, मला काहीच कळलं नाही." तेव्हा सर खूश झाले होते. "वा! बाकीच्यांनाही कळलेलं नाही. तू तेवढी खरं बोललीस."

गेल्या वर्षापासून एक लांबलचक काव्य चाललं होतं. आठशे वर्षांपूर्वीचं, मेलेल्या भाषेतलं. त्याचं भाषांतर कुठल्याच चालू भाषेत झालेलं नव्हतं. सरांकडे छापील पोथी होती आणि ती वाचू शकणारे ओळखीत तेवढे एकच. आठवडाभर बसून ते पन्नासेक ओळींचं भाषांतर करत आणि रविवारी वाचून दाखवत. गोष्ट साधी होती. वेढा पडलेल्या किल्ल्यात राजा अडकलाय. राणीने एका शिलेदाराजवळ बंद पत्र दिलंय आणि बर्फ पडायच्या आत ते पोचवायचंय. पत्रात काय आहे ते शिलेदाराला माहीत नाही, आपल्यालाही नाही. सर सांगत नसत. "कवीने शेवटी फोडलंय. मी आधी फोडणारा कोण?"

"आमच्या खात्यात असतात तर बढती मिळाली असती तुम्हाला," पोस्टमास्तर म्हणाले होते.

नवव्या सर्गात शिलेदार नदीवर आला. नावाडी म्हातारा. तो भाडं घेत नाही, तीन प्रश्न विचारतो: कुठून आलास, कुणाचा आहेस, काय विसरलास? शिलेदार तिसऱ्याला अडखळतो. वाचताना सर मध्येच थांबले आणि हसून म्हणाले, "माझ्या बायकोला विचारलं असतं तर तिने यादीच दिली असती. लग्नाचा वाढदिवस, छत्री, दूध…" सगळे हसले. फार सुंदर झाला तो रविवार.

पुढे दोन सर्ग जंगल, एक सर्ग आजारपण. आणि मग शिलेदार पुन्हा नदीवर आला. तोच नावाडी, तेच प्रश्न.

आता हेच दुसऱ्या कुणापुढे झालं असतं, तर तो म्हणाला असता, "सर, हे झालंय की." पण ही माणसं सात वर्षं सरांच्या हाताखाली तयार झालेली. जुने कवी एकच प्रसंग पुन्हापुन्हा आणतात, ती त्यांची रीत असते, दुसऱ्या वेळी अर्थ बदललेला असतो, हे त्यांना सरांनीच शिकवलं होतं. त्यामुळे चर्चेला ऊत आला.

"पहिल्यांदा शरीराने ओलांडली, आता मनाने," मोजणीदार म्हणाले. त्यांनी पहिल्या सर्गापासून शिलेदाराच्या प्रवासाचा नकाशा काढला होता, अगदी प्रमाण धरून. पुढच्या रविवारी त्यांनी तो दाखवला. नदीला मोठं वळण देऊन त्यांनी ती वाटेला दोनदा आडवी आणली होती. "बघा, बसतं."

"आमच्या काळात पत्र असं भटकलं असतं तर चौकशी लागली असती," पोस्टमास्तर पुटपुटले. पण वहीत त्यांनीही 'पुनरावृत्ती' असा मथळा घालून दोन पानं लिहिली होती.

कारागीर मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकली होती. तिच्या धंद्यात वरचा आणि खालचा जबडा जुळतो की नाही ते मेणाच्या पट्टीवर चावा घेऊन बघतात. केसभर सरकलं तरी हाताला कळतं. तिच्या हाताला काहीतरी लागलं होतं. नदी दोनदा आली याचं तिला नवल वाटलं नाही. पण त्याच ओळीला सर थांबले होते, तसेच हसले होते आणि म्हणाले होते, "माझ्या बायकोला विचारलं असतं तर तिने यादीच दिली असती. लग्नाचा वाढदिवस, छत्री, दूध…"

कवी पुनरावृत्ती करतो. पण तो विनोद कवीचा नव्हता.

सर झालेलाच सर्ग पुन्हा वाचतायत, हे तिला तेव्हाच कळलं. नंतर नाही, तेव्हाच. पण तिने स्वतःला समजावलं, की म्हातारी माणसं विनोद पुन्हा सांगतातच. आणि मोजणीदार इंजिनीअर, पोस्टमास्तर पदवीधर. त्यांना दिसलं नाही ते आठवी शिकलेल्या बाईला कसं दिसेल? खरं कारण ती स्वतःलाही सांगत नव्हती. रविवार बंद पडला असता, तर तिच्याकडे उरले असते सोमवार ते शनिवार.

त्याच सुमारास तिघांनाही एक निरोप आला. सरांच्या मुलीचा. ती वडिलांजवळच राहायची, रविवारचा कॉल लावून द्यायची, चष्मा शोधून द्यायची. तिने लिहिलं होतं: "बाबा मागे न्हाणीघरात पडले होते. तेव्हापासून घरात थोडे हरवल्यासारखे वाटतात. डॉक्टर म्हणतात डोक्याचा फोटो, म्हणजे स्कॅन, काढून घ्या. बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, माझ्या वर्गाला विचार. म्हणून विचारते. तुमच्याकडे ठीक असतात ना?"

मोजणीदारांनी लगेच उत्तर दिलं, "इतके तल्लख कधीच नव्हते. सध्याची चर्चा सात वर्षांतली सर्वोत्तम आहे." पोस्टमास्तरांनी लिहिलं, "तुम्ही काळजी करू नका. त्यांच्या मागे धावताना आम्हीच दमतो."

कारागिराने लिहिलं, "ताई, एक गोष्ट सांगायची होती." ते पुसलं. मग लिहिलं, "सर ठणठणीत आहेत."

फोटो काढायचं राहून गेलं.

सहा महिने गेले. त्यात शिलेदाराने ती नदी तिसऱ्यांदा ओलांडली. मोजणीदारांनी नकाशा पुन्हा काढला. आता नदी आतड्यासारखी दिसत होती. "शरीर, मन आणि आत्मा," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. नावाड्याच्या तिसऱ्या प्रश्नाशी सर थांबले, हसले आणि "माझ्या बायकोला…" म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पुढचं काही आलं नाही. ते पोथीकडे बघत राहिले. मग ती त्यांनी उलटी धरली आणि पुन्हा सरळ केली.

"सर?" ती म्हणाली.

"हां, हां," सर म्हणाले. "कोण बोललं?"

दोन दिवसांनी ते जिन्यात बसलेले सापडले, उठता येईना. न्हाणीघरातल्या त्या पडण्यात डोक्यात रक्त साकळलं होतं आणि इतके महिने मेंदूवर दाबून बसलं होतं. शस्त्रक्रिया झाली. रक्त काढलं. पण दाब फार दिवस राहिला, डॉक्टर म्हणाले. जे गेलंय ते परत येईल असं धरून चालू नका. लवकर आला असतात तर गोष्ट वेगळी होती.

कारागिराने हे ऐकलं आणि आठवडाभर तिच्या हातून एक जबडा धड जुळला नाही. शेवटी तिने सरांच्या मुलीला फोन केला.

"ताई, मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत त्याच्या आधीच कळलं होतं. ते तोच विनोद तसाच्या तसा सांगत होते. मी लिहिलं आणि पुसलं."

पलीकडे नळ वाहत होता. मग तो बंद झाला.

"मी फोटोची वेळ घेऊन ठेवली होती," मुलगी म्हणाली. "तुमची उत्तरं आली म्हणून रद्द केली."

"मी चुकले, ताई."

"हे सांगून तुम्हाला हलकं वाटणार असेल ना, तर कृपा करून दुसऱ्या कुणाला सांगा. मला नका सांगू."

तरीही तिने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "रविवारी चारला ते पडद्यासमोर जाऊन बसतात. का बसलेत ते त्यांना सांगता येत नाही. एकदा या तिघं. बघू."

रविवारी चारला चार चौकोन उघडले. सर खुर्चीत होते. डोक्यावर टाके, केस भादरलेले. मांडीवर पोथी ठेवलेली, बहुतेक मुलीने. मोजणीदारांनी नमस्कार केला. पोस्टमास्तर म्हणाले, "काय सर, रजा संपली का?" सर त्यांच्याकडे बघून ओळखीच्या माणसासारखे हसले, पण ते सगळ्यांकडेच बघून तसे हसत होते.

मग त्यांनी अचानक विचारलं, "पत्र पोचलं का?"

कारागीर मोबाइलच्या जवळ सरकली. म्हणाली, "ते तुम्हालाच माहीत आहे सर. आम्ही अजून तिथवर आलो नाही."

"मला कुठं आठवतंय," सर म्हणाले. "तू सांग."

ती आयुष्यात कधी गोष्ट रचलेली बाई नव्हती. पण तिने सांगायला सुरुवात केली. पोचलं म्हणाली. बर्फ पडायच्या आत पोचलं. दरवाजा उघडला, राजाने पत्र फोडलं, त्यात लिहिलं होतं की मदत निघाली आहे, धीर धरा. आणि मदत आली, वेढा उठला. शिलेदाराला घोडा मिळाला, नवा. तिने गोष्ट शिलेदाराच्या घरापर्यंत नेली.

सर मान थोडी कलती करून ऐकत होते, पूर्वी कुणाचंही उत्तर ऐकायचे तसेच, मध्ये न तोडता. ती थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "नाही. हे असं नाहीये."

"हो सर. मी बनवून सांगितलं."

"मग खरं काय?"

मोजणीदारांनी खाली पाहिलं. पोस्टमास्तरांचा चौकोन काळा झाला. त्यांनी कॅमेरा बंद केला होता. पोथी सरांच्या मांडीवर मिटलेली होती आणि ती उघडून वाचू शकेल असं त्या चार चौकोनांत कुणी नव्हतं.

"मला माहीत नाही, सर," ती म्हणाली.

ते रागावले नाहीत. विद्यार्थ्याला वेळ लागतो हे त्यांना अजून माहीत असावं. हात मांडीवर ठेवून ते तिच्याकडे बघत राहिले. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मुलगी मागे येऊन म्हणाली, "बाबा, झालं आता, चला." ते हलले नाहीत. तिने हात पुढे करून कॉल बंद केला, तेव्हाही ते उत्तराची वाट बघत होते.